खापराचं माप

लग्न होऊन मी धुळ्याहून अमळनेर तालुक्यातल्या त्या खेड्यात आले, तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. माहेरी आमच्याकडे रॉकेलचा स्टो होता. पिन मारायची, पंप मारायचा, काडी लावायची, की दहा मिनिटांत चहा. सासरी चहाच्या आधी राख काढायची, पोतेरं फिरवायचं, पऱ्हाट्या आणायच्या, फुंकणी घेऊन फुंकत बसायचं. चहा उकळेपर्यंत माझे डोळे असे लाल व्हायचे की बघणाऱ्याला वाटावं, नव्या सुनेला माहेरची आठवण येतेय. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडं. आमच्याकडे जळण म्हणजे तेच. विकत घ्यावं लागत नाही, भराभर पेटतं, भराभर संपतं, आणि धूर मात्र पोटभर देतं.

सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घर मोठ्या जावेच्या हातात होतं. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. मोठे दीर म्हणजे आबा. ते, अक्का, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं, पुढे माझी मुलगी आणि घरातच जेवणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, एवढ्या माणसांचा स्वयंपाक अक्का एकटी करायची. लग्न होऊन आल्यापासून ती त्या चुलीपुढे बसलेली. मला तिने पहिली दोन वर्षं फक्त पऱ्हाट्या सरकवायला बसवलं. भाकरीला हात लावू दिला नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता वाटतं, ती मला वाचवत होती की स्वतःची जागा राखत होती, कोण जाणे. दोन्ही असेल.

अक्का खोकायची. खेड्यात बऱ्याच बायका खोकतात, त्यामुळे सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छत, स्वयंपाकघरात एक खिडकी नाही. चुलीच्या बरोबर वर धाब्याला हातभर भोक होतं, त्यातून धूर जाईल तेवढा जायचा. बाकीचा घरातच फिरायचा, वरच्या लाकडांना चिकटायचा, आणि त्यातून उरलेला आमच्या छातीत. माझी मुलगी दोन वर्षांची झाली तोवर अक्काला आडवं होऊन झोपता येईनासं झालं होतं. ती धान्याच्या कणगीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. एक वाक्य बोलायला तिला तीन वेळा थांबावं लागे. "मीठ... तो डबा... दे वं" एवढं म्हणताना तिच्या गळ्याच्या शिरा वर यायच्या.

एका हिवाळ्यात तिला अमळनेरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, मग नळी गळ्यात टाकून आबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "औषध मी देईन. धूर तुम्ही बंद करायचा. धूर चालू राहिला तर हा श्वास असाच कमी होत जाईल, आणि एक दिवस मला काही करता येणार नाही." आबा बाहेर आले आणि तंबाखू चोळत उभे राहिले. एसटी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "आते रांधनं तूच कर."

जणू मी चुलीपुढे बसले तर धूर अक्काच्या छातीत जाणार नव्हता! शेजारच्या खोलीत बसवलं तरी तो धूर भिंत ओलांडून तिच्यापाशी जायचा. आणि चुलीपासून अक्काला उठवायचं हे आबांना सोपं वाटत होतं, कारण ते कधी उठवायला आले नव्हते. मी भाकऱ्या थापायला बसले की ती दाराशी येऊन उभी राहायची. जाळ कमी झाला की तिच्याने राहवायचं नाही. ती खाली बसायची, पऱ्हाटी सरकवायची, आणि मग खोकल्याची उबळ आली की मी थापती भाकरी सोडून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. तिकडे तव्यावरची भाकरी जळायची. असं चार दिवस झालं आणि मी ठरवलं की चूलच बदलायची.

ठरवणं सोपं होतं. गॅसचा नंबर माझ्या वडिलांनी धुळ्याला लावलेला होता, तो त्यांनाच अजून मिळाला नव्हता. गोबरगॅस गावात एकाकडे होता. त्याची टाकी गंजून बंद पडली होती आणि त्यात आता त्यांची कोंबडी अंडी घालत होती. शिवाय आमच्याकडे बैलजोडी आणि एक म्हैस, एवढ्या शेणावर गॅस चालत नाही असं सगळेच म्हणत. रॉकेल रेशनवर मिळायचं ते कंदिलालाच पुरायचं नाही. मग मी बाजाराच्या दिवशी अमळनेरला जाऊन पत्र्याची शेगडी बघून आले. दिसायला छान होती, खालून हवा जाते, धूर कमी होतो म्हणे. पण आमचा तवा तिच्यावर ठेवला असता तर तव्याखाली शेगडी दिसली नसती. दुकानदार म्हणाला, छोटा तवा घ्या. मी म्हटलं, मग माणसंही छोटी द्या.

शेवटी कळलं की शेजारच्या गावातली एक बाई मातीची निर्धूर चूल घालून देते. दोन भोकांची, मागे सिमेंटचा पाइप, धूर थेट धाब्यावर. मी तिच्या स्वतःच्या घरी जाऊन बघितलं. ती भाकरी करत होती, पाइपातून वर धूर निघत होता आणि तिच्या स्वयंपाकघराची भिंत पांढरी होती. पांढरी! आमच्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग असतो हेच आम्ही विसरलो होतो. मी तिथल्या तिथे तिला आमच्या गावी यायला सांगितलं.

घरी विरोध झाला. आबा म्हणाले, "चांगल्या घरले पाइप घालनं शे का? पावसायामा पाणी कोठून येई, ते देखलं का?" मी म्हटलं, भोक तर आहेच, त्यातूनच पाइप जाणार. ते काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी होकार दिला. अक्काचं म्हणणं वेगळं होतं. तिला नवी चूल चालणार होती, फक्त जुनी मोडायची नव्हती. "ती मांगे आंगनमा मांडूत," ती म्हणाली. जुनी चूल तिने स्वतःच्या हाताने घातलेली होती, माती कालवून, घोड्याची लीद मिसळून, आठ दिवस लिंपून. पण मला माहीत होतं की जुनी राहिली तर ती दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे जाऊन बसणार. मी ऐकलं नाही. मोडली की प्रश्न मिटला, असा माझा हिशेब. चूल मोडण्याची धूळ तिला सोसणार नाही म्हणून त्या दिवशी मी तिला शेजारी पाठवून दिलं. खरं सांगायचं तर मोडताना ती समोर नको, हेही होतंच.

चूल घालणारी बाई आली. सोबत पत्र्याचा साचा, पोत्यात माती आणि भुसा. पदर खोचून ती म्हणाली, "चुल्हावर चढतस त्या बठ्ठा भांडा आना. एकदाव भोक पडनं की मंग मोठं व्हत नही." भोक भांड्याला घट्ट बसायला हवं, फट राहिली तर धूर फटीतून घरात येतो आणि पाइप नुसता शोभेला राहतो, असं तिने समजावलं. मी तवा आणला, भाताचं पातेलं आणलं, वरणाचं आणलं, कढई आणली. तिने एकेकाचं माप काडीने घेतलं, काडीवर नखाने खुणा केल्या आणि दोन दिवसांत चूल उभी केली. पंधरा दिवस पेटवायची नाही, रोज लिंपायची. ते पंधरा दिवस मी अंगणात तीन दगडांवर स्वयंपाक केला आणि मनात म्हटलं, आता सुटलो.

सुटलो कसले, चांगलीच अडकले. जुन्या चुलीचं तोंड मोठं, त्यात लांबच्या लांब पऱ्हाटी घालायची आणि जळेल तशी पायानेसुद्धा पुढे सरकवायची. नव्या चुलीचं तोंड एवढंसं. पऱ्हाटी वाकडीतिकडी, तिला फांद्या, फांद्यांना बोंडांची टोकदार टरफलं. तिचे वीत-वीत तुकडे करायचे आणि मग आत घालायचे. दुपारी शेतातून आले की मी कोयता घेऊन दगडावर पऱ्हाट्या तोडत बसायचे. दोन वेळच्या स्वयंपाकाचं जळण तोडायला तास जायचा. हाताला कुसळं, बोटांना चिरा. पुढचं भोक झाकलं की मागचं उघडं ठेवायचं नाही, त्यावर पाण्याचं पातेलं तरी ठेवायचंच, नाहीतर सगळा धूर तिथून फसकन घरात. ओलं जळण घातलं की चूल रुसायची. आठ दिवसांनी काठीला चिंध्या बांधून पाइपातली काजळी काढायची, ती काढणारी मी, आणि ती कुठे पडली यावर घरात चर्चा करणारे बाकीचे सगळे.

सगळ्यात वाईट भाकरी. आमच्याकडे भाकरी तव्यावर भाजली की चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची. कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, ती आरावर टम्म फुगली नाही तर तिला काय अर्थ? नव्या चुलीच्या तोंडाशी भाकरी उभी राहायला जागाच नव्हती. मी तव्यावरच फडक्याने दाबून दाबून भाजायचे. आबा भाकरी उचलून उजेडाकडे धरायचे. "हाई भाकर शे का पापड?" असं एकदा म्हणाले, पण तेवढंच. गावातल्या बायकांना धाब्यावरचा पाइप दिसला आणि आठवडाभर मला नळावर एकच प्रश्न. "काय वं, तुमनी गिरणी चालू व्हयनी का?" दुसरी विचारायची, भोंगा कधी वाजतो. मीही हसायचे. हसल्यावाचून करते काय? पण घरी येऊन कोयता हातात घेतला की रडू यायचं. मला वाटायचं, सगळ्या घराला धूर नको होता, पण त्यासाठी लागणारा घाम माझ्या एकटीच्या वाट्याला आला.

अक्का मधून मधून चुलीपुढे बसून बघायची. पण तिचे हात जुन्या चुलीचे. ती सवयीने मूठभर जळण आत कोंबायची, हवा बंद व्हायची आणि चूल विझायची. कधी मागचं पातेलं उचलून बाजूला ठेवायची आणि धूर तिच्याच तोंडावर यायचा. एकदा तिने फुंकणी खाली ठेवली आणि उठली. "हाई तुन्ही चूल शे वं. मन्ही नही." रागाने नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. मी तिला थांब म्हणायला हवं होतं, शिकवायला हवं होतं, जसं तिने दोन वर्षं मला पऱ्हाट्या सरकवायला शिकवलं. पण माझ्यात तेवढा जीव उरलेला नव्हता. ती उठली याचं मला बरंच वाटलं.

पण एक झालं. शिमग्यापर्यंत अक्काचा खोकला उतरला. आधी सकाळचा गेला, मग उबळी लांब लांब येऊ लागल्या. एक दिवस मी सकाळी उठले तर कणगीपाशी कुणी नव्हतं. अक्का खाली अंथरुणावर आडवी झोपलेली होती, गालाखाली हात घेऊन, लहान मुलीसारखी. मी तशीच तिच्याजवळ बसले आणि तिचा श्वास ऐकला. घरघर होती, पण थोडी. त्या दिवशी पऱ्हाट्या तोडताना मला हात दुखत असल्याची आठवणच झाली नाही. पुढे अक्का शेजारणीला लांबलचक गोष्ट सांगताना मी ऐकली, मधे न थांबता. डॉक्टर म्हणाले, अशीच सहा महिने राहू दे, मग बघू.

आणि मग आखाजी आली.

बाहेरच्यांना अक्षय्यतृतीया म्हणजे काय असेल ते असो, खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा सण. झोके, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडा. मांडा साध्या पोळीच्या दुप्पट-तिप्पट मोठा. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. अक्काच्या मांड्यांचं गावात नाव होतं. आमची नणंद, या घरातली एकुलती लेक, दरवर्षी आखाजीला यायची आणि अक्का तिच्यासाठी मांडे करायची. आणि माहेरवाशिणीने आखाजीला चुलीपुढे बसायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. तिने फक्त खायचं, झोके घ्यायचे आणि झोपायचं.

खापर वर्षाचे अकरा महिने माळ्यावर भुशात ठेवलेलं असायचं. सणाच्या दोन दिवस आधी मी ते उतरवलं, पुसलं, चुलीवर पालथं ठेवलं आणि कपाळाला हात लावला. एवढ्याशा भोकावर ते केवढं थोरलं खापर! माप घेताना मी तवा दिला, पातेली दिली, कढई दिली. खापर माळ्यावर होतं आणि ज्या एका बाईला ते आठवलं असतं तिला मी शेजारी पाठवून दिलेलं होतं. तरी चूल पेटवून बघितली. जाळ खापराखाली पसरायचं नाव घेईना, पाइप त्याला मागे ओढून घ्यायचा. कडेच्या फटीतून धूर मात्र भरपूर. एक मांडा टाकून बघितला, तो मधे करपला आणि कडांना कच्चा राहिला.

अक्का दारात उभी होती. मी म्हटलं, "अक्का, या वर्षी तव्यावरच्या पोळ्या करू. मी ताईंना सांगते, त्या समजून घेतील."

"पोर वरीसभर वाट देखस," ती म्हणाली.

"तुमच्या छातीपेक्षा मांडा मोठा आहे का?" माझा आवाज चढला. दोन दिवस पुरणाची डाळ निवडून, गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून मी मेटाकुटीला आले होते.

तिने पुढे येऊन करपलेला मांडा उचलला. "बरं. तवावर करजो."

नणंद आली, पोरांना घेऊन, बैलगाडीतून उतरली ती थेट अक्काच्या गळ्यात पडली. सणाच्या सकाळी ती अजून झोपलेली होती. मी आत पुरण शिजायला ठेवलं होतं. रशीचा, म्हणजे पुरणाच्या तिखट आमटीचा, मसाला वाटायचा होता, कुरडया तळायच्या होत्या, आणि चौदा माणसांच्या पोळ्या लाटून त्या एका तव्यावर भाजायच्या होत्या. दुपार टळून जाणार हे दिसतच होतं. तेवढ्यात मला धुराचा वास आला. घरात धूर नव्हता. मी मागचं दार उघडलं.

गोठ्याच्या सावलीत अक्काने तीन दगड मांडले होते. दगडांवर खापर. आणि ती लांबच्या लांब पऱ्हाट्या आत सरकवत होती, एकही न तोडता. जाळ खापराच्या कडेकडेने वर येत होता, जसा यायला हवा तसा. वैशाखाचा वारा, तो एका बाजूने वाहील तर शपथ. एकदा धूर गोठ्याकडे जायचा, एकदा तिच्या तोंडावर. शेजारी परातीत भिजवलेली कणीक होती. आतून ती कधी नेली मला कळलंही नव्हतं. पुरण तिला माझ्याकडूनच लागणार होतं.

तिने मान वळवून मला पाहिलं. हाताने खूण केली, जा आत. पुरण आण.

मला ओरडता आलं असतं. जाऊन पाण्याचा हंडा त्या जाळावर ओतता आला असता. आबांना उठवता आलं असतं. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. पण मी तिथे उभी होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चौदा माणसांच्या पोळ्या आता मला लाटाव्या लागणार नाहीत. मला बरं वाटलं. हे मी आजवर लिहिलं नव्हतं. सबंध अंग हलकं झालं. मी आत गेले आणि पुरणाची परात आणून तिच्याजवळ ठेवली. "वारा येतोय, तोंड तिकडे करा" असं काहीतरी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

मांडे उत्तम झाले. तिने वीस केले. एकही फाटला नाही, एकही करपला नाही, घडी घालून दुरडीत रचलेले. पंगतीत अक्का वाढायला आली नाही, म्हणाली जरा बसते. आबा म्हणाले, असा मांडा किती वर्षांत झाला नव्हता. नणंदेने रसाबरोबर तीन खाल्ले आणि आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "वहिनी, तुन्हा हातनी सर कोनले नही!" आतून उत्तर आलं नाही. मी उठून गेले. अक्का कणगीला पाठ लावून बसली होती, दोन्ही हात जमिनीवर रेटून, तोंड उघडं. ओठ निळसर झाले होते. तिला मला काही सांगायचं होतं, पण शब्दापुरता वारा तिच्या छातीत जात नव्हता.

गावात एक ट्रॅक्टर होता. त्याच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला अमळनेरला नेलं. सोबत आबा, मी आणि नणंद. डॉक्टरांनी मला ओळखलं. रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. सुई दिली, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, रात्रभर ठेवायचं म्हणाले. आम्ही दोघी दवाखान्याबाहेर बाकावर बसलो. सणाची नवी साडी नणंदेच्या अंगावर, तिच्यावर रसाचे डाग. बराच वेळ ती पदराने ते डाग पुसत होती. मग अचानक रडायला लागली.

"माले मांडा आवडतस नही आते," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तठे सासरले वरीसभर मीच करस. पोळाले, दिवाळीले, पाव्हना उना तरी. धूर खाई खाई माले त्यानी वासच सोसत नही. मी आखाजीले आठे येस ते चुल्हानं तोंड देखाले नको म्हनीसन. वहिनी मन्हाजवळ बठती, दोन गोठी करती, तितलंच माले जोयजे व्हतं."

"मग खात का होता?" मी विचारलं. "दरवर्षी. एवढं कौतुक करून?"

"ती इतला जीव लाईसन करस. मंग ना कसं म्हनू?"

ती डोळे पुसून म्हणाली, हे वहिनीला सांगू नकोस. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला भेटू दिलं. ती उशांना टेकून बसली होती, हाताला सलाईन. चेहरा एका रात्रीत उतरलेला. मी जवळ गेले तशी तिने माझा हात धरला. बोलायला तिला पुन्हा थांबावं लागत होतं, आधीच्या हिवाळ्यासारखं, किंबहुना त्याहून जास्त. "पोरनी... पोट भरीसन... खादं ना?"

"हो अक्का," मी म्हटलं. "तीन खाल्ले."

तिने डोळे मिटले. ती बरी झाल्यासारखी दिसली, पण तेवढ्यापुरतीच. छातीचं जे गेलं होतं ते परत आलं नाही. शिमग्याला आडवी झोपणारी अक्का मला पुन्हा बघायला मिळाली नाही. ती त्यानंतर चार वर्षं जगली, कणगीला पाठ लावून. नणंद पुढच्या आखाजीपासून तिच्याशेजारी बसून राहायची, उठायचीच नाही, आणि आम्ही तव्यावरच्या पोळ्या खायचो. अक्काला वाटायचं, पोरीला मांडा मिळाला नाही म्हणून ती हिरमुसली आहे. ती मला खुणावून म्हणायची, तिला दोन पोळ्या जास्त वाढ. मी वाढायचे.

त्या चार वर्षांत आम्ही दोघी एकाच खोलीत कितीतरी तास बसलो. मी तिचे केस विंचरले, तिला भरवलं. त्या दिवशी दारातून मी मागे का फिरले, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. म्हटलं असतं, अक्का, मी दमले होते.